पदकाच्या कडेवरचं नाव

अकोल्याहून निघालेला रस्ता पातूर मागे टाकून घाट चढतो, आमच्या मेडशीला येतो आणि मालेगाव, वाशीम करत हिंगोलीला जातो. आज या रस्त्यावर सोयाबीन-कापसाचे ट्रक आणि एसट्या धावतात. दीडशे वर्षांपूर्वी याच्या दक्षिणेच्या टोकाला हिंगोलीत लष्करी छावणी होती. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज तिथं राहायची. तिचा पगार आमच्या मुलखाच्या शेतसाऱ्यातून निघायचा. मेडशीच्या कुणब्याने भरलेला सारा त्या छावणीतल्या स्वाराच्या आणि त्याच्या घोड्याच्या पोटात जात होता, असं म्हटलं तर ते खोटं ठरणार नाही.

मी गेली काही वर्षं लष्करी वस्तू गोळा करतो. गोळा करतो म्हणजे विकत घेतोच असं नाही. बऱ्याचदा नुसती पाहतो, तिच्यावरची अक्षरं वहीत उतरवून घेतो, फोटो काढतो आणि ज्याची त्याला परत देतो. पदकं, पितळी बिल्ले, पट्ट्याची बक्कलं, सैनिकाची डिस्चार्जची कागदं आणि काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या. लोक विचारतात, यात काय पाहायचं? जुनं पितळ आणि जुनी चांदी. म्हणून या वस्तूंमध्ये नेमकं काय असतं आणि वऱ्हाड-मराठवाड्यातल्या मुसलमानांनी त्याकडे का लक्ष द्यावं, हे एकदा नीट लिहायचं ठरवलं.

वऱ्हाड गहाण पडलं ते कशासाठी?

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांकडून गेला आणि इंग्रजांचा दोस्त म्हणून निजामाच्या पदरात पडला.

पण ही दोस्ती स्वस्तातली नव्हती. निजामाच्या खर्चाने एक फौज उभी राहिली. शिपाई इथले, अधिकारी इंग्रज आणि हुकूम हैदराबादच्या रेसिडेंटचा. हीच ती हैदराबाद कंटिंजंट. तिच्या पगाराची बाकी वाढत गेली. अखेर २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांनी आपल्या हाती घेतला. कारण कागदावर स्पष्ट होतं: या फौजेचा खर्च भागवणे. १९०२ मध्ये कर्झनने वर्षाला २५ लाख रुपयांच्या बोलीवर वऱ्हाड कायमचा पट्ट्याने लिहून घेतला. १९०३ मध्ये कंटिंजंट ही वेगळी फौज म्हणून संपली आणि तिच्या पलटणी ब्रिटिश हिंदी लष्करात मिसळल्या.

त्या पलटणींची नवी नावं लक्षात ठेवा, कारण पदकांवर तीच सापडतात. घोडदळात २० वी डेक्कन हॉर्स, २९ वी लान्सर्स आणि ३० वी लान्सर्स. पायदळात ९४ पासून ९९ पर्यंतचे आकडे. त्यातली ९६ वी तर थेट आपल्या नावाची होती: बेरार इन्फंट्री. या पलटणींत जाट, शीख, राजपूत यांच्या बरोबरीने दख्खनी मुसलमान होते. सरकारी भाषेत त्यांना ‘डेखनी मुसलमान’ म्हणत. औरंगाबाद, परभणी, हिंगोली, एलिचपूर या पट्ट्यातल्या घरांत आजही कुणाचे पणजोबा ‘रिसाल्यात होते’ असं सांगतात, त्यामागे अनेकदा हीच फौज असते.

इथं एक घोटाळा टाळायला हवा. निजामाचं स्वतःचं लष्कर वेगळं होतं. दिल्लीच्या तीन मूर्ती चौकातल्या तीन पुतळ्यांपैकी एक ज्यांचा आहे, ते हैदराबादचे लान्सर्स निजामाच्या फौजेतले. कंटिंजंट मात्र पैसा निजामाचा आणि लगाम इंग्रजांचा, अशी फौज. पदक हातात आलं की आधी हा फरक पाहावा लागतो.

एकाच पलटणीला फाशी आणि पदक

पदकं जमवणाऱ्यांच्या जगात अडगावच्या लढाईची एक पट्टी फार मोलाची मानली जाते. ‘आर्मी ऑफ इंडिया’ नावाच्या पदकाच्या फितीवर लढाईच्या नावाची चांदीची पट्टी बसवलेली असते. त्यातल्या दोन पट्ट्या आपल्याकडच्या आहेत, एक अडगावची आणि दुसरी गाविलगडची. हे पदक मंजूर झालं १८५१ मध्ये, म्हणजे अडगावनंतर ४८ वर्षांनी, आणि तेही फक्त हयात असलेल्यांसाठी. विशीत लढलेला शिपाई तोवर सत्तरीकडे झुकलेला. जो जगला नाही, त्याच्या नावाचं पदकच पडलं नाही. पदक पाहताना हेही पाहावं लागतं की ते कुणाला मिळालं नाही.

१८५७ चं प्रकरण याहून अवघड आहे. त्या वर्षीच्या जूनमध्ये औरंगाबादेत कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळ पलटणीत असंतोष उसळला. आपल्याला दिल्लीच्या बादशहाविरुद्ध लढायला नेणार, अशी बातमी स्वारांमध्ये पसरली होती. बंदोबस्तासाठी जनरल वुडबर्न फौज घेऊन आला. दफेदार मीर फिदा अली याने आपल्या इंग्रज कप्तानावर गोळी झाडली. त्याला फाशी दिलं गेलं. आणखी काहींना गोळ्या घातल्या, काहींना तोफेच्या तोंडी दिलं.

पुढच्याच वर्षी याच कंटिंजंटचे स्वार आणि शिपाई सर ह्यू रोजच्या हाताखाली मध्य भारतात झाशीची राणी आणि तात्या टोपे यांच्याविरुद्ध लढले. त्यांना १८५७-५८ चं पदक मिळालं आणि त्यावर ‘सेंट्रल इंडिया’ अशी पट्टी होती. एकाच पलटणीतल्या काहींच्या वाट्याला फास आला, काहींच्या वाट्याला चांदी. आज एखाद्या घरात ते पदक निघालं, तर घरच्यांनी त्याचा अभिमान बाळगायचा की ते लपवायचं?

मला या दोन्ही गोष्टी पटत नाहीत. ते पदक म्हणजे एका पगारी माणसाचा पुरावा आहे. तो गावात उपाशी राहिला नाही, सरकारने नेलं तिथं गेला आणि परत आला. त्याला देशद्रोही ठरवणं सोपं आहे, पण त्या काळी त्याच लष्करात सगळ्याच जातीजमातींची माणसं होती. आणि त्याला वीरपुरुष करून मिरवणंही खोटंच. मीर फिदा अलीला पदक नव्हतं. पदकांच्या पेटीपुढे उभं राहून त्याची आठवण ठेवली, तरच ती पेटी इतिहास सांगते.

सोमच्या शेतातले दख्खनी स्वार

हीच पहिली घोडदळ पलटण पुढे २० वी डेक्कन हॉर्स झाली आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेली. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी, सोमच्या लढाईत, हायवूड नावाच्या रानाजवळ या पलटणीने सातव्या ड्रॅगून गार्ड्सबरोबर उभ्या पिकातून भाले घेऊन हल्ला चढवला. मशीनगन आणि काटेरी तारांच्या त्या युद्धात घोडदळाचा असा हल्ला दुर्मिळच. अंधार पडल्यावर स्वारांनी तिथंच खंदक खणून रात्र काढली आणि पहाटे त्यांना मागे बोलावण्यात आलं. माणसं पडली, घोडी त्याहून जास्त पडली. त्या दिवशीचा डेक्कन हॉर्सचा एक फोटो जगभरच्या पुस्तकांत छापला जातो. खाली पलटणीचं नाव असतं, स्वारांची नावं नसतात.

१९१८ मध्ये ही पलटण पॅलेस्टाईनला गेली. समोर तुर्क होते, म्हणजे खलिफाचं सैन्य. जुम्म्याच्या खुतब्यात ज्याच्यासाठी दुआ मागितली जायची, त्याच्याच शिपायांवर आमच्या स्वारांनी भाले रोखले. त्यांच्या मनात काय चाललं असेल, याचा अंदाज पुढच्या घटनांवरून येतो. युद्ध संपताच खिलाफत चळवळ उभी राहिली. १ ऑगस्ट १९२० रोजी गांधीजींनी कैसर-ए-हिंदसह आपली तिन्ही पदकं व्हाइसरॉयला परत पाठवली. जुलै १९२१ मध्ये कराचीच्या खिलाफत परिषदेने ठराव केला, की मुसलमानाने इंग्रजांच्या लष्करात नोकरी करणं हराम आहे. त्या ठरावासाठी मौलाना मोहम्मद अली आणि शौकत अली यांच्यावर खटला चालला आणि त्यांना तुरुंगवास झाला. या गदारोळात, नुकताच दमिश्कहून परतलेला आणि पेन्शनवर घर चालवणारा रिसालदार कुठं उभा राहिला असेल? त्याने पदक पेटीच्या तळाशी टाकलं असेल, तर मला त्याचं नवल वाटत नाही.

त्या युद्धाची दोन पदकं आपल्याकडे जास्त सापडतात. पहिलं चांदीचं ‘ब्रिटिश वॉर मेडल’, एका बाजूला पाचव्या जॉर्जचं डोकं आणि दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा नग्न पुरुष. सैन्याबरोबर गेलेल्या मजूर तुकड्यांना हेच पदक चांदीऐवजी ब्राँझचं मिळालं. मरणाच्या जागी एकत्र असलेले लोक धातूच्या बाबतीत वेगळे केले गेले. दुसरं ‘व्हिक्टरी मेडल’, पंख असलेल्या बाईचं, इंद्रधनुष्यी फितीचं. त्याच्या मागे इंग्रजीत लिहिलंय, ‘संस्कृतीसाठीचं महायुद्ध’. वऱ्हाडातल्या शिपायाला कुणाची संस्कृती वाचवायला नेलं होतं, हा प्रश्न ते पदक स्वतःच विचारतं.

यांच्याशिवाय, मेलेल्यांच्या घरी एक ब्राँझची मोठी चकती यायची, साधारण १२ सेंटिमीटर रुंदीची. तिच्यावर फक्त नाव असायचं, हुद्दा नाही. शिपाई आणि साहेब तिथं एका ओळीत आले. ही चकती अनेक घरांत झाकण म्हणून वापरली गेली किंवा पितळ समजून मोडीत गेली.

कडेवरची अक्षरं

या पदकांचा खरा खजिना त्यांच्या कडेवर असतो. पहिल्या महायुद्धाच्या पदकाची कड फिरवत उजेडात धरली, की बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. ‘स्वार’, ‘सिपॉय’, ‘दफेदार’ यांची तोडकी रूपं असतात. नावांचं स्पेलिंग इंग्रज कारकुनाच्या कानावर अवलंबून. शेखचं शेक होतं, इस्माईलचं इस्मील. पण नंबर आणि पलटण मिळाली, की माणूस सापडायचा रस्ता उघडतो. युद्धात मारला गेला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत तो सापडतो. ती यादी इंटरनेटवर मोफत आहे आणि पलटणीच्या नावाने शोधता येते. फ्रान्समधल्या न्यू शापेलच्या स्मारकावर ज्यांची कबर सापडली नाही अशा ४,७०० हून अधिक हिंदी सैनिक-मजुरांची नावं आहेत. दिल्लीच्या इंडिया गेटवर १३ हजारांहून जास्त आहेत.

नावाशिवायची चांदी मात्र फक्त चांदी. एका पदकात साधारण २८ ग्रॅम भरते. घरात आजारपण आलं, मुलीचं लग्न निघालं, की पदक सराफाच्या तराजूत जायचं. १९८० च्या सुमाराला चांदीचे भाव उसळले तेव्हा जगभर अशी पदकं वितळली. आपल्या तालुक्याच्या गावांतही हेच होत आलंय. सराफाचा यात दोष नाही. त्याच्यापुढे येतो तो धातू, आणि आणणाऱ्यालाच कडेवर आजोबांचं नाव आहे हे माहीत नसतं. लिलावाच्या जगात इंग्रज अधिकाऱ्याच्या पदकाला गिऱ्हाईक मिळतं, कारण त्याची डायरी, फोटो, पत्रं त्याच्या गावी जपलेली असतात. आमच्या सवाराचं पदक स्वस्त, कारण त्याच्यामागे कागद नाही. घरात लिहून ठेवायची सवय नव्हती, आणि जे सांगितलं जायचं ते सांगणाऱ्याबरोबर गेलं.

काडतूस आणि भीती

आता काडतुसांबद्दल. थ्री नॉट थ्री हा शब्द आपल्याकडे पोलीस कॉन्स्टेबलपासून पोरांच्या खेळापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे. त्या रायफलच्या पुंगळीच्या बुडावर गोल अक्षरं कोरलेली असतात. पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यात १८६९ पासून दारूगोळा बनतोय. तिथल्या पुंगळीवर ‘के एफ’, तर कोलकात्याजवळच्या दमदमच्या पुंगळीवर ‘डी एफ’ ही अक्षरं सापडतात. सोबत अनेकदा वर्ष असतं. पुंगळी पितळेची, साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. आतली कॉर्डाइट नावाची दारू शेवयांसारखी लांब असायची, आणि तिचा मुख्य घटक होता तेजाबात भिजवलेला कापूस. कापसाच्या मुलखात राहणाऱ्याने हे एकदा ऐकून ठेवावं.

गोळा करायची ती फक्त रिकामी पुंगळी. जिवंत काडतूस किंवा न फुटलेला गोळा कितीही जुना असो, त्याला हात लावायचा नाही, घासायचा नाही, तापवायचा नाही. दारू म्हातारी झाली म्हणजे थंडावली, असं नसतं. मुंबईच्या गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. त्यानंतर ६७ वर्षांनी, २०११ मध्ये, गोदीतला गाळ काढताना जिवंत गोळा निघाला. २० नोव्हेंबर २०१८ रोजी आपल्याच विदर्भात, पुलगावजवळ, जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला आणि ६ जण गेले.

कायदाही तेच सांगतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार जिवंत काडतूस परवान्याशिवाय ठेवता येत नाही. दुरुस्त करूनही चालवता येणार नाही अशा जुनाट शस्त्राला त्याच कायद्याच्या ४५ व्या कलमात सूट आहे. शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते आणि ती परवानगीवाचून देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे पहिल्या महायुद्धाची पदकं आता या कायद्याच्या कक्षेत आली आहेत.

पण आमच्या घरांत अडचण कायद्याच्या आधी सुरू होते. दसऱ्याला शेजाऱ्याच्या ओसरीवर आजोबांची तलवार पाटावर मांडली जाते, हळदकुंकू वाहिलं जातं, आणि ते छानच दिसतं. तशीच तलवार किंवा दोन पुंगळ्या मुसलमानाच्या ट्रंकेत निघाल्या तर काय होईल, ही धास्ती घराघरात आहे. माझ्या ओळखीच्या एका घरात आजोबांच्या पेटीतून तीन रिकाम्या पुंगळ्या, एक बिल्ला आणि इंग्रजी कागदांचं बाड निघालं. नातवाने त्याच रात्री पुंगळ्या विहिरीत टाकल्या. बिल्लाही टाकला, कारण त्यावर तलवारीचं चित्र होतं. कागद चुलीत गेले. पुंगळ्यांचं दुःख नाही, त्या हजारो बनल्या. त्या कागदांवर मात्र आजोबांचा नंबर, उंची, गावाचं नाव आणि नोकरीची वर्षं होती. ‘तुम्ही या देशासाठी काय केलं?’ असं विचारलं जातं तेव्हा जो कागद पुढे करता आला असता, तो याच प्रश्नाच्या भीतीने जळाला.

इतिहास मात्र पुसता येत नाही. १९२२ मध्ये कंटिंजंटच्या पायदळ पलटणी १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये आल्या आणि १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचं नाव कुमाऊं झालं. तिचं केंद्र हिमालयात रानीखेतला आहे, आणि तिच्या दुसऱ्या बटालियनच्या नावापुढे आजही ‘बेरार’ लिहितात. डेक्कन हॉर्स आता रणगाड्यांवर आहे. सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत ती होती. त्याच लढाईत ग्रेनेडियर्सच्या हवालदार अब्दुल हमीदने पॅटन रणगाडे फोडले, प्राण दिले आणि त्याला परमवीरचक्र मिळालं. अहमदनगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात, तर पॅटन पाहताना हा धागाही आठवा.

म्हणून आपल्या वाचकांना माझी विनंती साधी आहे. घरात पदक असेल, तर ते चकचकीत करू नका, घासण्याने कडेवरची अक्षरं झिजतात. भिंग घेऊन कड वाचा, अक्षर न् अक्षर लिहून घ्या, मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढा. कागद असतील तर स्कॅन करा. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, ते कुठल्या पलटणीचं नाव घेतात, कोणत्या गावी नोकरी होती, आणि ते त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवा. जिवंत काडतूस दिसलं तर विहिरीत टाकू नका, लपवू नका, हात न लावता ११२ वर कळवा, आणि कळवताना गावातली दोन जबाबदार माणसं सोबत ठेवा. पैशाची गरज असेल आणि पदक विकावंच लागलं, तर विका, त्यात लाज नाही. फक्त सराफाकडे जाण्याआधी कडेवरचं नाव उतरवून घ्या.